टीबीच्या गावात लाँग वीकेंड

शुक्रवार

ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला न्यूजर्सीतल्या एडिसनमधली निम्मी मराठी मंडळी फॉल कलर्स, म्हणजे पानगळीचे रंग बघायला उत्तरेकडे सुटतात, लेक जॉर्ज नाहीतर लेक प्लॅसिड, आणि फोटोही सगळ्यांचे सारखेच येतात. आम्ही पण त्याच रस्त्याने निघालो, फक्त लेक प्लॅसिडच्या थोडं पुढे सरानॅक लेक म्हणून गाव आहे तिकडे. कारण आमची आत्या. आत्या सांगलीची, पंचाहत्तरीला आलीये, सध्या मुक्काम आमच्याकडे, आणि तिला धबधबे-बिबधबे यात काडीचा रस नाही. मागे जेवताना मी सहज बोलून गेलो की न्यूयॉर्क राज्यात डोंगरात एक गाव आहे, ते अख्खं टीबीच्या पेशंटांवर वाढलं, तर लगेच म्हणाली, मला ते दाखव. तिच्या धाकट्या काकांना टीबी झाला होता. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला सॅनेटोरियम होतं, काका तिथे, आणि घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र सांगायचं की ते हवापालटाला गेलेत. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या ना. बसमधून जाताना तो स्टॉप आला की बायका पदर नाकाला लावायच्या, हे आत्याला अजून आठवतं.

वाटेत पोकिप्सीला थांबायचं हे आधीच ठरलेलं. हायवेला लागूनच तिथलं जुनं रूरल सिमेटरी आहे आणि त्यात कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. गोपाळरावांनी त्या इथे पाठवल्या. मिसेस कार्पेंटर आमच्याच न्यूजर्सीतल्या रोझेलच्या, आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये बोटीतून उतरल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडेच राहिल्या आणि त्यांना मावशी म्हणायच्या. दगड साधा आहे, अजिबात मोठा नाही, नाव, एम.डी., १८६५ ते १८८७ आणि खाली शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. कोणीतरी आमच्या आधी येऊन गेलं होतं, कारण दगडावर कुंकवाचं बोट होतं आणि एक रुपयाचं नाणं. आत्याने घरून आणलेली शेवंती ठेवली, मग बराच वेळ गप्प राहून हिशोब करत म्हणाली, बावीस पण पूर्ण नाही गं झालेली पोर.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डिग्री, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक ठरलेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. हे आपण शाळेपासून ऐकतो. मला मात्र सरानॅक लेकचं वाचताना तारखा शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटल्या. आनंदीबाई फिलाडेल्फियात कोळशाच्या धुरकट शेगडीपाशी खोकत अभ्यास करत होत्या त्याच काळात, १८८५ च्या हिवाळ्यात, इथून दोन-सव्वादोनशे मैलांवर डॉ. ट्रूडो नावाच्या माणसाने आपल्या सॅनेटोरियमची पहिली झोपडी उघडली. आत्या म्हणाली, मग तिला तिकडे का नाही नेलं कोणी? आता काय सांगणार. दोन खाटांची जागा होती ती.

पुढचा रस्ता लांब. थ्रूवेवर अल्बनीपर्यंत ट्रॅफिक, मग नॉर्थवे हा हायवे मोकळा, मग एक्झिट ३० ला उतरून कीन व्हॅलीतून डोंगराचा रस्ता, तिथे फोनची रेंज गेली आणि अंधारही पडला. पानांचे रंग बघायला आलेल्या सगळ्या गाड्या लेक प्लॅसिडला वळल्या आणि आमच्या पुढे रस्ता रिकामा. मोटेल ठीक होतं, हीटर मात्र रात्रभर ट्रॅक्टरसारखा आवाज करत होता, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

शनिवार

सकाळी नाश्त्याला घरून आणलेले दशम्या आणि लसणीची चटणी, मग थेट चर्च स्ट्रीटवरची सरानॅक लॅबोरेटरी. दगडी इमारत, १८९४ ची, क्षयरोगावर संशोधन करायला म्हणून अमेरिकेत बांधलेली पहिली प्रयोगशाळा, आता म्युझियम. आधीची प्रयोगशाळा ट्रूडोने घरातच थाटली होती, ती रॉकेलच्या दिव्याने पेट घेऊन घरासकट जळाली, म्हणून ही दगडाची.

या ट्रूडोची गोष्ट सांगायलाच हवी कारण गाव सगळं त्याच्यापासून सुरू होतं. एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो, जन्म १८४८, न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरचा. तरुणपणी मोठ्या भावाला क्षय झाला तेव्हा यानेच त्याची सेवा केली, आणि तेव्हाच्या डॉक्टरांचा हुकूम असा की खोलीच्या खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या, बाहेरची हवा लागली तर खोकला वाढेल. रात्रंदिवस त्या बंद खोलीत दोघं. भाऊ गेला. मग हा स्वतः डॉक्टर झाला, लग्न झालं, आणि १८७३ मध्ये त्यालाच क्षय निघाला. आता मरायचंच आहे तर आवडत्या जंगलात शिकार-बिकार करत मरू म्हणून अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरात पॉल स्मिथ नावाच्या माणसाच्या हॉटेलात आला. वरच्या मजल्यावर त्याला एका वाटाड्याने उचलून नेला आणि म्हणाला, डॉक्टर, तुमचं वजन वाळलेल्या कोकराच्या कातड्याएवढं पण नाही. आणि मग मेलाच नाही ना. दिवसभर बोटीत पडून राहायचा, भूक लागायला लागली, वजन वाढलं. शहरात परत गेला की ताप, इथे आला की बरा. शेवटी १८७६ मध्ये बायकामुलांना घेऊन सरानॅक लेकला राहायलाच आला, तेव्हा इथे एक लाकडाची गिरणी, एखादं हॉटेल आणि थोडी घरं एवढंच होतं.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. ट्रूडोला जर्मन येत नव्हतं, तर एका मित्राने तो अख्खा पेपर भाषांतर करून घेऊन वहीत उतरवून ख्रिसमसला भेट दिला. त्या वहीवर याने मायक्रोस्कोप आणला, जंतू रंगवायला शिकला, वाढवायला शिकला, तेही अशा गावात जिथे हिवाळ्यात उणे तीस होतं आणि प्रयोगाचे गिनीपिग जगवायला जमिनीखाली खड्डा करून त्यात दिवे ठेवायला लागायचे.

म्युझियममध्ये बायकोला सगळ्यात आवडला तो सशांचा प्रयोग. पंधरा ससे, तीन गट. पाचांना जंतू टोचून एका बेटावर मोकळं सोडलं, भरपूर खाणं. पाचांना जंतू टोचून अंधाऱ्या ओल्या जागी कोंडलं, खाणं बेताचं. उरलेल्या पाचांना जंतू नाही, पण हालात ठेवलं. बेटावरचा एक गेला, चार टणटणीत. कोंडलेल्यातले चार गेले. तिसऱ्या गटातले वाळले पण रोग नाही झाला. म्हणजे नुसत्या वाईट हवेने क्षय होत नाही, जंतू लागतोच, पण जंतू लागल्यावर जगणार की मरणार यात खाण्यापिण्याचा आणि हवेचा मोठा हात. आज आकड्यांच्या हिशोबाने पंधरा ससे म्हणजे काहीच नाही, कुठलं जर्नल छापणार नाही, पण पुढची सत्तर वर्षं या गावाने त्याच्यावर काढली.

सॅनेटोरियमसाठी गावाबाहेर माउंट पिस्गाच्या उतारावरची सोळा एकर जमीन इथल्या वाटाड्यांनी आपसात पैसे काढून विकत घेतली आणि ट्रूडोला दिली, कारण शिकारीमुळे ते सगळे त्याचे दोस्त. पहिली झोपडी लाल रंगाची, म्हणून नाव लिटल रेड, खर्च साडेतीनशे डॉलरच्या आसपास. पहिल्या दोन पेशंट न्यूयॉर्कच्या फॅक्टरीत काम करणाऱ्या दोन बहिणी. आठवड्याला पाच डॉलर घ्यायचे, खर्च त्याहून जास्त यायचा, फरक ट्रूडो श्रीमंत मित्रांकडून मागून भरून काढायचा. ही मोठी वॉर्डवाली इमारत नको, छोट्या छोट्या झोपड्या हव्यात ही त्याची आयडिया, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागायला नको आणि माणूस एकटाही पडायला नको. १८९२ मध्ये गावाला स्वतःचा कारभार मिळाला तेव्हा पहिला अध्यक्षही हाच. आणि पुढच्याच वर्षी त्याची स्वतःची मुलगी टीबीनेच गेली. तो स्वतः १९१५ पर्यंत जगला, एका फुफ्फुसावर म्हणा ना.

पण खरी मजा दुपारी. ट्रूडो फक्त सुरुवातीच्या स्टेजचे पेशंट घ्यायचा, बाकीच्यांना जागा नाही. पण लोक ऐकतात थोडेच, १८८७ ला रेल्वे आल्यावर तर देशभरातून यायला लागले, डब्यातून उतरतानाच धाप लागलेले. त्यांना ठेवायचं कुठे? तर गावकऱ्यांनी आपापल्या घरांना पोर्च काढले. हेलन हिल आणि पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला तुम्ही नुसतं चालत गेलात तरी कळतं की हे नेहमीचं अमेरिकन गाव नाही. प्रत्येक घराला एक काचेचा डबा चिकटवलेला, खालच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावर, कधी बाजूला, कधी मागे, काही ठिकाणी घरापेक्षा पोर्चच मोठे. यांना क्युअर कॉटेज म्हणतात. आत्याला ते बघून गिरगावातली तिच्या मावशीची चाळ आठवली, बाहेर गॅलरी आणि गॅलरीतच सगळं आयुष्य.

एका कॉटेजमध्ये आता राहणाऱ्या बाई बाहेर पानं गोळा करत होत्या, आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत होती म्हणून त्यांनीच आत बोलावलं. वरच्या खोलीतून पोर्चवर जायचा दरवाजा नेहमीपेक्षा रुंद, कारण पेशंटला खाटेसकट ढकलत बाहेर न्यायचं. उंबरठा नाही, चाकं अडायला नकोत. खिडक्या सरकत्या, पूर्ण उघडणाऱ्या. भिंतीत जुनं बेलचं बटण अजून आहे, वाजत नाही. आणि पोर्चवर एक क्युअर चेअर, त्यांनी हौसेने जपलेली. आरामखुर्चीच, पण पाठ पाहिजे तशी मागे पाडता येते आणि हात चांगले पसरट, एका हातावर पुस्तक आणि दुधाचा ग्लास, दुसऱ्यावर थर्मामीटर आणि थुंकायचा कागदी कप, तो कप रोज जाळून टाकायचा. आत्या सरळ जाऊन बसली त्यात. त्या बाईंनी हसून पायावर ब्लँकेट टाकलं. मी फोटो काढायला लागलो तर म्हणाली काढू नको.

दिवसाचे सहा-आठ तास असंच पडून राहायचं, हिवाळ्यात पण, फरचा कोट, कानटोपी, पायाशी गरम पाण्याची चिनी मातीची बाटली. दूध, अंडी, मांस, पुन्हा दूध. दुपारी दोन ते चार सगळं गाव चिडीचूप, बोलायचं नाही, वाचायचं पण नाही. आणि हे महिनोन् महिने. घरमालकिणीला ट्रे वरखाली करायचे, चादरी उकळायच्या, ताप लिहून ठेवायचा. सेवाभाव वगैरे असेल, पण मुख्य म्हणजे धंदा होता. ग्रीक पेशंटांचं वेगळं घर, क्यूबाच्या लोकांचं वेगळं, ज्यूंसाठी कोशर जेवणाचं वेगळं, सर्कसवाल्यांचं वेगळं, मोठ्या कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी घरं धरलेली. आपल्याकडे खाणावळी असतात ना, कोकणी, देशस्थी, सारस्वत, तशीच वाटणी. १९३० च्या सुमारास गावाची वस्ती आठ हजारांवर गेली होती, आज पाच हजार आहे. गावचे चांगले आर्किटेक्टसुद्धा आधी पेशंट म्हणून आलेले, विल्यम कूल्टर तसाच, आला आणि राहिला. डॉक्टर पेशंट, नर्स पेशंट, दुकानदार माजी पेशंट. १९०४ मध्ये डॉ. लॉरेसन ब्राउनने इथून टीबीवर एक मासिक सुरू केलं, तोही आधी पेशंटच.

मला जे सारखं डोक्यात येत होतं ते हे की इथे रोग घराच्या दर्शनी बाजूला आणून बसवला होता. माजघरात, मागच्या खोलीत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा, पोर्चवर, काचेत. आत्याच्या घरी काकांचं ताट-वाटी-भांडं पडवीत वेगळं, ते घरी आले तरी मागच्या दाराने. त्यावर आत्याने रात्री म्हंटलं की अरे इथे सगळ्यांनाच झालेला, मग लपवणार कोणापासून. हे पण खरंच आहे.

रविवार

स्टीव्हन्सनच्या घराबाहेर फोटो काढून आलो. ‘ट्रेझर आयलंड’वाला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८७-८८ चा हिवाळा इथे होता, ट्रूडो त्याचा डॉक्टर, आणि दोघांचं फारसं जमायचं नाही म्हणतात. तो बहुतेक वेळ निबंध लिहीत आणि सिगरेटी ओढत बसायचा, शेकोटीच्या वरच्या फळीवर सिगरेटचे डाग आहेत. छातीचा पेशंट आणि सिगरेट, असो.

मग कॅफेत बसून बायकोला नॉर्मन बेथ्यूनचं सांगितलं आणि तिथून पुढे दोन तास दुसरा विषय निघाला नाही. बायको सोलापूरची. बेथ्यून कॅनडाचा सर्जन, १९२६ च्या डिसेंबरमध्ये टीबी घेऊन ट्रूडो सॅनेटोरियमला आला, पस्तिशी नुकतीच उलटलेली, संसार मोडायला आलेला. आपण मरणार हे गृहीत धरून त्याने झोपडीच्या भिंतींवर चारी बाजूंनी कागद लावून रंगीत चित्रं काढली, स्वतःच्या आजाराची, पोटात असल्यापासून मरेपर्यंत, मृत्यूच्या देवदूताच्या मांडीवर आपण, आणि सोबतच्या दोस्तांच्या मरणाच्या तारखा पण टाकून ठेवल्या. मग लायब्ररीत त्याने वाचलं की छातीत हवा भरून खराब फुफ्फुस दाबून ठेवता येतं, म्हणजे त्याला विश्रांती मिळते. डॉक्टर म्हणाले धोका आहे. हा अडून बसला, शर्ट काढून तयार. १९२७ मध्ये ते केलं आणि तो बरा झाला. मग छातीचा सर्जन, मग स्पेनच्या युद्धात फिरती रक्तपेढी, मग १९३८ ला चीन, आणि १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोट कापून रक्तात विष भिनून गेला. त्याच्या नावाने चीनमध्ये जे इंटरनॅशनल पीस हॉस्पिटल झालं त्याचे प्रमुख कोण, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे! दोघांची भेट नाही झाली, कोटणीस त्या भागात पोचायच्या आधीच बेथ्यून गेला होता. कोटणीस पण १९४२ मध्ये गेले, बत्तिसाव्या वर्षी.

बायको म्हणे म्हणजे तो इथे खुर्चीत पडून मेला असता तर आमच्या कोटणिसांना ते हॉस्पिटलच नसतं. असं जोडत बसलं तर काहीही जोडता येतं, पण लेक फ्लॉवरच्या काठाने चालताना तिने सोलापूरला आईला व्हिडिओ कॉल लावून मागचे डोंगर दाखवले आणि ‘बेथ्यून इथे होता’ हे इतक्या अभिमानाने सांगितलं की जसं काही तो भय्या चौकातच राहायचा.

दुपारी विल रॉजर्स बघितलं. मोठी ट्यूडर पद्धतीची इमारत, १९२९-३० च्या सुमाराची, व्हॉडव्हिल म्हणजे रंगमंचावर गाणी-नकला-जादू करणाऱ्या कलाकारांच्या टीबीसाठी बांधलेलं हॉस्पिटल, आता ज्येष्ठांसाठीची निवासी सोसायटी. कलाकारांचा टीबी जास्त, कारण धुरकट थिएटरं, रेल्वेचे डबे, एका खोलीत चौघं. न्यूयॉर्कचा मोठा थिएटर एजंट विल्यम मॉरिस स्वतः टीबीमुळे इथे आला आणि मग मोठमोठ्या कलाकारांना आणून गावासाठी शो करून घ्यायचा. म्हणून एवढ्याशा गावात थिएटरची हौस, स्वतःचं रेडिओ स्टेशन १९२७ पासून, हस्तकलेचे वर्ग, चांगली लायब्ररी. जिथे शेकडो तरुण माणसं दिवसभर पडून आहेत, डोकं शाबूत आहे आणि करायला काही नाही, तिथे हे होणारच. प्रेमप्रकरणं पण व्हायची, घरी नवरा किंवा बायको असली तरी, इथल्या त्या नव्या जोडीदाराला कझिन म्हणायचे आणि कोणी जास्त विचारायचं नाही. हे ऐकून आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

विंटर कार्निव्हल पण त्यातूनच. १८९७ मध्ये पाँटिअ‍ॅक क्लबने सुरू केला, उणे तीसमध्ये लोकांनी काय करायचं म्हणून, आणि १८९८ पासून तळ्यातला बर्फ कापून बर्फाचा राजवाडा. अजून दर फेब्रुवारीत होतो, गावकरीच बांधतात. कार्निव्हलचे बिल्ले व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो काढून देतो, तो डॉक्टरचा पणतू. दुकानात जुने बिल्ले होते, आत्याने एक घेतला.

सगळं गोड नव्हतं हे पण सांगितलं पाहिजे. औषध नव्हतंच. बरे झाले ते कितपत हवेने आणि कितपत आपसूक, हे कोणालाच नीट सांगता येणार नाही. बेसबॉलचा हिरो क्रिस्टी मॅथ्यूसन १९२५ मध्ये इथेच गेला, फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मॅन्युएल केसॉन १९४४ मध्ये इथेच. गावात सांगतात की मयतं रात्रीच्या गाडीने पाठवायचे, दिवसा उतरणाऱ्या नव्या पेशंटांना दिसू नये म्हणून. म्हणजे पोर्चवर आजार दाखवायचा, मरण नाही.

आणि मग सगळं फटकन संपलं. १९४३ मध्ये न्यू ब्रन्सविकला रट्गर्स विद्यापीठात अल्बर्ट शाट्झ आणि सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जंतूतून स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं औषध निघालं. आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. १९५२ पासून आयसोनियाझिड गोळी. १९५४ मध्ये ट्रूडो सॅनेटोरियम बंद, शेवटचा पेशंट लॅरी डॉयल, मॅथ्यूसनचाच जुना सहकारी खेळाडू, तो पुढे वीस वर्षं याच गावात राहिला. घरमालकिणींचं काय झालं असेल? खोल्या रिकाम्या, पोर्च रिकामे. गावाला पुढे कित्येक वर्षं टीबीचं नावच नको होतं, टूरिस्ट पळून जातील म्हणून. १९८० मध्ये हिस्टॉरिक सरानॅक लेक संस्था निघाली तेव्हा कुठे लोक परत बोलायला लागले.

सॅनेटोरियमच्या कल्पनेवर शेवटचा घाव आपल्याकडे पडला, हे मला आधी माहीत नव्हतं. मद्रासला १९५६ मध्ये टीबीच्या औषधोपचारांवर संशोधन करणारं केंद्र सुरू झालं, त्यांनी गरीब वस्तीतले पेशंट घेऊन निम्मे सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्मे घरी, औषध दोघांना तेच. १९५९ मध्ये निकाल छापला, बरे व्हायचं प्रमाण जवळपास सारखं, आणि घरी ठेवल्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली असंही नाही. म्हणजे ती हवा, ते दूध, तो पोर्च, गोळ्या नीट घेतल्या तर यातलं काही लागत नाही. पाचगणीचं बेल एअर सॅनेटोरियम १९१२ चं, डॉ. बिलिमोरियांचं, त्यालाही पुढे वेगळ्या कामाकडे वळावं लागलं. आजही जगातल्या टीबीच्या दर चार पेशंटांमागे एक भारतात आहे, फरक एवढाच की तो घरी, चाळीत, झोपडपट्टीत सहा महिन्यांचा कोर्स घेतोय. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, काका १९६१ ला बरे होऊन घरी आले ते गोळ्यांवरच. मग एवढे दिवस तिकडे कशाला ठेवलं होतं रे?

सोमवार

निघायच्या आधी पाइन रिज सिमेटरीला चक्कर मारली. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे खलाशी अमेरिकेच्या बंदरात अडकले, त्यातल्या टीबी झालेल्यांना इथे पाठवलं होतं, त्यांच्यातल्या काहींची थडगी एका ओळीत आहेत.

लेक प्लॅसिडकडे परत जाताना रे ब्रुक लागतं. इथे राज्य सरकारचं टीबी हॉस्पिटल होतं, १९०४ पासून, गरिबांसाठी फुकट. आता ते तुरुंग आहे. त्याच्याजवळच अजून एक तुरुंग आहे, केंद्राचा, तो १९८० च्या लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना राहायला बांधला होता. अमेरिकन लोकांची ही काटकसर मला भारी वाटली.

आणि लेक प्लॅसिड. तिथे टीबीवाल्यांना घेतच नसत. लेक प्लॅसिड क्लबचा मालक मेल्विल ड्यूई, हो तोच, आपल्या लायब्ररीतल्या पुस्तकांच्या पाठीवर ज्याचे दशांशाचे आकडे असतात तो. त्याच्या क्लबच्या नियमात लिहिलेलं होतं की टीबीचे पेशंट आणि ज्यू यांना प्रवेश नाही. एकाच नियमात दोन्ही. यावरून बोंब झाली आणि त्याची स्टेट लायब्रेरियनची नोकरी गेली, क्लब मात्र चालू राहिला. नऊ मैलांच्या अंतरात दोन गावं, आणि आज टूरिस्ट सगळे लेक प्लॅसिडला. मेन स्ट्रीटवर पार्किंग मिळेना, कॉफीला रांग, अर्ध्या तासात तिथून बाहेर पडलो. आमची आत्या सांगलीच्या नगर वाचनालयात जन्मभर पुस्तकं बदलणारी, तिने ड्यूईचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही.

अल्बनीच्या अलीकडे सर्व्हिस एरियात उरलेल्या दशम्या संपवल्या. बायकोचं म्हणणं फेब्रुवारीत कार्निव्हलला परत यायचं. मी म्हंटलं उणे तीसमध्ये मी येणार नाही, तुम्ही जा. आत्याचं तिकीट डिसेंबरचं आहे, ते पुढे ढकलायला किती पैसे लागतात हे ती आता रोज विचारतेय.